काय ठेवायचे, काय सोडायचे

९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला एका पोलिसाने गोळ्या घालून ठार केले. गावात निदर्शने सुरू झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि उन्हाळी सुट्टीनंतर उघडायच्या तिथल्या शाळा काही दिवस बंदच ठेवाव्या लागल्या. मुले परत येतील तेव्हा त्यांच्याशी याबद्दल काय बोलायचे, हा प्रश्न फर्ग्युसनपुरता राहिला नाही. देशभरातल्या शिक्षकांना तो पडला. छापील पाठ्यपुस्तक अशा वेळी हाताशी येत नाही, कारण ते घटनेच्या कितीतरी आधी लिहून झालेले असते. जॉर्जटाउन विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या मार्शिया शॅटेलेन यांनी तेव्हा ट्विटरवर शिक्षकांना आवाहन केले की, वर्गात वाचता-दाखवता येईल असे जे काही तुमच्या माहितीत असेल, ते ‘फर्ग्युसन सिलॅबस’ या हॅशटॅगखाली सांगा. नागरी हक्क चळवळीचा इतिहास, वंशभेदावरचे लेखन, कविता, चित्रपट, अगदी लहान मुलांसाठीची गोष्टींची पुस्तके अशा सूचनांचा ओघ लागला. त्यातून वेचून, विषयवार लावून शॅटेलेन यांनी एक यादी ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

पुढच्याच वर्षी, १७ जून २०१५ रोजी, दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरात एका वंशद्वेष्ट्या तरुणाने चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. या वेळी ब्रँडाइस विद्यापीठाचे इतिहासकार चॅड विल्यम्स यांनी ‘चार्ल्स्टन सिलॅबस’ हा हॅशटॅग सुरू केला. सूचना इतक्या आल्या की त्या निवडून लावायला आणखी इतिहासकार आणि ग्रंथपाल पुढे आले, आणि २०१६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने त्याच नावाचे पुस्तक काढले. समाजमाध्यमे वर्गात कशी आणावीत यावर आजवर बरेच बोलले गेले आहे, पण मला या दोन उदाहरणांइतके बोलके दुसरे सापडत नाही. हॅशटॅगखाली जमले होते ते ढिगाने होते. चांगले, बरे, अप्रस्तुत, पुन्हापुन्हा आलेले, सगळे एकत्र. त्याचा अभ्यासक्रम झाला तो कोणीतरी बसून यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवले तेव्हा, आणि ठेवलेले कुठल्या क्रमाने वाचायचे हे सांगितले तेव्हा. यालाच आता क्युरेशन म्हणतात. माझे म्हणणे असे आहे की हे काम शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी करून देण्यापेक्षा विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, निबंधाइतकेच गांभीर्याने ते तपासावे, आणि तपासताना जमवलेल्या गोष्टींपेक्षा निवडीच्या कारणांना गुण द्यावेत.

हे काम सोपे करणारी साधने गेल्या वीसेक वर्षांत बरीच आली. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिलिशियस’वर आवडलेल्या पानांचे दुवे खुणा लावून साठवता येत. पुढे ‘डिगो’, ‘स्कूप इट’, ‘पर्लट्रीज’, ‘पिंटरेस्ट’, ‘वेकलेट’ आली. वर्गाच्या दृष्टीने यांत सर्वांत नेमके साधन ‘स्टोरीफाय’ होते. असोसिएटेड प्रेसमध्ये पत्रकारिता केलेले बर्ट हर्मन आणि त्यांचे तंत्रज्ञ सहकारी झेव्हिए डॅमन यांनी ते उभे केले आणि एप्रिल २०११ पासून सर्वांसाठी खुले केले. पडद्याच्या एका बाजूला ट्विटर, फेसबुक, यूट्यूब, फ्लिकर यांवर शोध घ्यायचा. दुसऱ्या बाजूला त्यातली हवी ती पोस्ट ओढून आणायची. आणि दोन पोस्टींच्या मध्ये आपले लेखन करायचे. मूळ पोस्ट लेखकाच्या नावासह जशीच्या तशी राही, म्हणून उचलेगिरीचा प्रश्न येत नसे. पत्रकारांनी ते उचलले आणि पाठोपाठ शिक्षकांनीही. एखाद्या निवडणुकीवर किंवा वादळावर लोक काय म्हणत होते हे विद्यार्थी स्टोरीफायवर क्रमाने मांडू लागले. दोन पोस्टींमधली ती मोकळी जागा हा या साधनाचा सर्वांत मोलाचा भाग होता, कारण तिथे काहीतरी लिहावे लागे. पण ती रिकामी ठेवली तरी साधन कुरकुर करत नसे, आणि बहुतेक वेळा ती रिकामीच राही.

स्टोरीफायचे पुढे काय झाले, हेही शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१३ मध्ये ते ‘लाइव्हफायर’ या कंपनीने घेतले, २०१६ मध्ये लाइव्हफायरला ‘अडोबी’ने घेतले, आणि १६ मे २०१८ रोजी स्टोरीफाय बंद झाले. ज्यांनी आपली संकलने आधी उतरवून घेतली नाहीत त्यांची ती पुसली गेली. २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या साधनांना मोफत माहिती देणे थांबवले; ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने ‘क्राउडटँगल’ हे पत्रकारांचे आणि अभ्यासकांचे साधन मिटवून टाकले. तेव्हा ‘अमुक अ‍ॅप वर्गात कसे वापरावे’ अशा मार्गदर्शनाचे आयुष्य फार थोडे असते. शिकवायचे ते असे असावे की अ‍ॅप उद्या बंद पडले तरी वही-पेन्सिलीवर करता येईल.

आता मूळ मुद्दा. विद्यार्थी दिवसभर निवडलेलेच पाहत असतात. फक्त निवड त्यांची नसते. फोनवर कुठली चित्रफीत आधी येईल हे यंत्रणा ठरवते आणि ती माणूस किती वेळ थांबला यावरून ठरवते, गोष्ट खरी किती यावरून नाही. अशा सवयीत वाढलेली मुले स्वतः पारख करू शकतात का? स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न दीर्घकाळ तपासला आहे. त्यांच्या एका पाहणीत अमेरिकेतील ३,४४६ माध्यमिक विद्यार्थ्यांना एक चित्रफीत दाखवली गेली. तिच्यात मतपेटीत गुपचूप मते कोंबली जात होती, आणि हा अमेरिकेतल्या निवडणुकीतील गैरव्यवहार असल्याचा दावा तिच्यासोबत होता. चित्रण प्रत्यक्षात रशियातले होते. मुलांच्या हाताशी इंटरनेट होते, शोध घ्यायची पूर्ण मुभा होती. तरी ५२ टक्के मुलांनी ती अमेरिकेतल्या गैरव्यवहाराचा भक्कम पुरावा मानली. मूळ स्रोतापर्यंत पोहोचलेली मुले तीन निघाली.

याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली होती. आश्चर्य असे की इतिहासकारही विद्यार्थ्यांसारखेच फसत होते. ते दिलेले पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत, त्याची मांडणी, भाषा, बोधचिन्ह बघत आणि त्यावरून मत बनवत. तथ्यतपासनीस मात्र पानावर क्षणभर थांबून लगेच बाहेर पडत. या संस्थेबद्दल इतरांनी काय लिहिले आहे हे दुसऱ्या चार ठिकाणी पाहत आणि मग परत येत. ही बाजूला वळून वाचण्याची रीत शिकवता येते, हेही वाइनबर्ग यांच्या गटाने दाखवले आहे. एका शहरातल्या ४९९ विद्यार्थ्यांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पन्नास मिनिटांच्या सहा तासिकांनी मुलांच्या पारखीत स्पष्ट फरक पडला.

आपल्याकडचा पुरावा बिहारचा आहे आणि तो अधिक बोलका आहे. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी तिथे बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासाभराचे शिक्षण दिले, खोट्या बातम्या कशा ओळखायच्या हे समजावले. एकंदरीत परिणाम शून्य. उलट, सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांमध्ये आपल्याला सोयीच्या अफवा ओळखण्याची क्षमता घटलेली दिसली. पुढे त्याच बद्रीनाथन यांनी सहकाऱ्यांसह दुसरा प्रयोग केला. या वेळी बिहारमधील ५८३ गावांतले तेरा हजारांहून अधिक शाळकरी विद्यार्थी निवडले आणि एका तासाऐवजी चौदा आठवड्यांत विभागलेली चार सत्रे घेतली. मुलांची पारख सुधारली, ती काही महिन्यांनंतरही टिकली, आणि ज्यांना कोणीच शिकवले नव्हते त्या त्यांच्या पालकांमध्येही सुधारणा आढळली. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की कळते ते असे: पारख व्याख्यानाने येत नाही, ती वारंवार आणि अंतरा-अंतराने करावी लागते. वर्षाला एकदा ‘सायबर जागृती’चा कार्यक्रम घेऊन प्रमाणपत्रे वाटणाऱ्या शाळांनी हे जरूर पाहावे.

अमेरिकेतल्या किंवा बिहारमधल्या या प्रयोगांत मुलांकडून संकलन करून घेतलेले नव्हते, हे खरे. तरी संकलनाचा आग्रह मी धरतो, कारण बाजूला वळून पाहण्याची गरज त्यात आपोआप आणि पुन्हापुन्हा निर्माण होते. कोणाचेतरी ‘हे खरे की खोटे’ कोडे सोडवणे वेगळे आणि ‘हे माझ्या संग्रहात माझ्या नावाखाली ठेवू का’ हे ठरवणे वेगळे.

उदाहरण म्हणून ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर घ्या. नववी-दहावीच्या मुलांना हा विषय पेलतो, भूगोल आणि नागरिकशास्त्र दोन्हींत बसतो, आणि त्याची साधने समाजमाध्यमांवर अजून विखुरलेली आहेत. पाण्याखाली गेलेल्या पुणे-बंगळुरू महामार्गाच्या चित्रफिती आहेत. छपरावर अडकलेल्यांनी केलेली थेट प्रक्षेपणे आहेत. जिल्हा प्रशासनाची निवेदने आहेत. नेत्यांचे एकमेकांवरचे आरोप आहेत. आणि ‘कर्नाटकाने अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडले नाहीत म्हणून आपण बुडालो’ असे सांगणारे असंख्य फॉरवर्ड आहेत. वर्गातल्या चार-पाच मुलांच्या गटाला सांगावे: ‘पूर इतका का चढला?’ या एकाच प्रश्नासाठी तीस नोंदी गोळा करा आणि त्यांतल्या आठच ठेवा. ठेवलेल्या प्रत्येक नोंदीखाली चार वाक्ये हवीत: ही कोणी, केव्हा, कुठून टाकली, हे आपल्याला कशावरून कळले, प्रश्नाच्या उत्तरात तिने कोणती भर घातली, आणि तिच्यावरून काय सांगता येत नाही. सोडलेल्या बावीस नोंदींपुढे एकेक ओळीचे कारण हवे.

या कामाला लागलेल्या गटाला पहिल्याच आठवड्यात अडचणी येतील आणि त्या यायलाच हव्यात. पाण्यातल्या एखाद्या बसस्थानकाचे छायाचित्र २०१९ चे की २००५ च्या पुराचे? दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, जाहिरातींचे फलक बघून ते ठरवावे लागेल. ‘पंचगंगा धोक्याच्या पातळीवर’ म्हणजे नेमके काय? मग शोधता शोधता कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तर सांगलीत आयर्विन पुलापाशी त्या अनुक्रमे ४० आणि ४५ फूट मानतात, हे मुलांना कळेल. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातमीत विसर्ग क्युसेकमध्ये दिलेला असतो; क्युसेक समजल्याशिवाय ती नोंद ठेवायची की नाही हे ठरवता येत नाही. आणि अलमट्टीच्या प्रश्नात तर दोन बाजू खऱ्याखुऱ्या आहेत. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला या पुराचे कारण मानले नाही. नदीकाठच्या अनेक कार्यकर्त्यांना आणि अभ्यासकांना ते आजही मान्य नाही. समितीचा निष्कर्ष आणि त्यावरचा आक्षेप या दोन्हींना आठांत जागा द्यायची का, एका गावकऱ्याच्या रडवेल्या चित्रफितीला अधिकृत आकड्याच्या शेजारी ठेवायचे का, असे वाद गटात होतील. शिक्षकाने ते मिटवू नयेत. ‘सोडलेल्यांच्या यादीत हे का गेले?’ एवढाच प्रश्न विचारत राहावे. माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा कागद ही सोडलेल्यांची यादी असते. ठेवलेल्या आठ नोंदी एखादा हुशार मुलगा दुसऱ्या गटाच्या बघून आणू शकतो. बावीस नकारांची बावीस कारणे त्याला उसनी मिळत नाहीत.

हे आपल्याकडे परके आहे असे मानायचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. जुन्या दप्तरांतून मिळवलेली पत्रे त्यात होती, पण त्याला वजन आले ते प्रस्तावनेने. पत्रांच्या आधारे त्यांनी बखरी आणि इतिहासकार ग्रँट डफ यांची परखड झडती घेतली, कशावर विसंबायचे आणि कशावर नाही याची कारणे वाचकांपुढे मांडली. बावीस खंडांचे हे काम म्हणजे कारणांसह केलेली निवडच होती. महाराष्ट्रातील दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातही ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असे प्रकरण आहे आणि माध्यमांतून येणारी माहिती तपासूनच घ्यावी हे त्यात सांगितले आहे. जर्मनीतल्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून विकत घेतलेल्या आणि बनावट निघालेल्या रोजनिशींचा दाखलाही दिला आहे. धडा चांगला आहे. पण त्यावर ‘टिपा लिहा’ असा प्रश्न विचारून थांबले की तो बिहारमधल्या त्या एका तासाच्या शिकवणीसारखा होतो. या धड्याला जोडून सहा आठवडे चालणारे एक संकलन अंतर्गत मूल्यमापनात घेतले, तर अभ्यासक्रमाबाहेर काहीच करावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो फोनचा. मुलांच्या हातून फोन काढून घ्यायची वेळ आली असताना तुम्ही समाजमाध्यमे वर्गात कशी आणता? ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद केली आहेत, आणि तसे आपल्याकडेही व्हावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ही चिंता मला पूर्ण मान्य आहे. पण इथे मुलांनी खाते उघडण्याची गरजच नाही. सार्वजनिक पोस्टी शिक्षकाच्या संगणकावरून पाहता येतात, शाळेतल्या एका प्रक्षेपकावर दाखवता येतात, छापून वाटता येतात. निवडीचे सगळे काम कागदावर होऊ शकते. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तेव्हा मुलांच्या नावाने नव्या अ‍ॅपवर खाती काढून देणे शिक्षकाने टाळलेलेच बरे. दुसरे असे की खाते नसलेल्या मुलापर्यंतही फॉरवर्ड पोहोचतोच. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरून पोहोचतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येतो: दुसऱ्याचे उचलून चिकटवण्यात कसले आले शिक्षण? आपल्या प्रकल्पवह्या बघितल्या की हा आक्षेप बिनबुडाचा वाटत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, कापायचे, डकवायचे, खाली विकिपीडियावरचा मजकूर उतरवायचा आणि वही सजवून द्यायची, असा रिवाज पडला आहे. पिंटरेस्टवरचा बोर्ड ही त्याच वहीची चकचकीत आवृत्ती होऊ शकते, आणि पुष्कळ ठिकाणी होते. म्हणूनच संख्येला आणि सजावटीला एकही गुण देऊ नये. आठाऐवजी बारा नोंदी आणणाऱ्या गटाचे गुण कापावेत, कारण त्याने सोडायचे काम टाळले. आता तर तीस दुवे आणि त्यांचा सारांश कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे क्षणात देतात. त्यामुळे जमवण्याचे मोल आणखी उतरले आहे, आणि शिक्षकाने समोर बसवून ‘ही नोंद का ठेवलीस?’ म्हणून पाच मिनिटे विचारण्याचे मोल तेवढेच वाढले आहे.

तिसरा आक्षेप राजकारणाचा आहे आणि तो महाराष्ट्राने टाळून चालणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती, दुसरीने फक्त पसंतीची खूण केली होती. ज्या कलमाखाली अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरी शिक्षकाच्या मनात भीती राहते, आणि ती गैर नाही. म्हणून वर्गातले संकलन जगासाठी खुले करण्याची घाई नको. ते वर्गात, फार तर पालकसभेत राहावे. दुसरीही एक जबाबदारी याच्याशी जोडलेली आहे. ज्याची पोस्ट आपण उचलतो त्याने ती आपल्या वर्गासाठी लिहिलेली नसते. पुरात सर्वस्व गेलेल्या बाईचा चेहरा, मृतदेहांची छायाचित्रे, लहान मुलांची नावे यांना संग्रहात जागा द्यावी का, याचा विचार विद्यार्थ्यांना करायला लावणे हा याच शिक्षणाचा भाग आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. तिथली दृश्ये मिळतात म्हणून वापरायची नसतात.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो माध्यमशिक्षणाच्या बाजूच्याच एका अभ्यासकाने घेतला आहे. डेना बॉइड यांनी मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील शिक्षकांपुढे असे मांडले की, मुलांना प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिकवत राहिलो तर ती शेवटी कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. आणि ‘स्वतः शोध घ्या, कोणाचे ऐकू नका’ हे वाक्य तर कटकारस्थानांच्या कहाण्या पसरवणाऱ्यांचेही आवडते आहे. हे म्हणणे झटकून टाकता येत नाही. खोटे पकडण्याच्या स्पर्धा घेतल्या की मुलांना प्रत्येक गोष्ट खोटी ठरवण्यात हुशारी वाटू लागते, आणि मग सरकारी नदीपातळीचा आकडा आणि अनामिकाचा फॉरवर्ड दोन्ही त्यांना सारखेच संशयास्पद वाटतात. परंतु नेमक्या याच ठिकाणी संकलनाचे काम तथ्यतपासणीहून पुढे जाते. त्यात नाकारून सुटका होत नाही. तीस नोंदी नाकारणाऱ्या गटाचे काम पूर्ण होत नाही; त्याला आठ ठेवाव्याच लागतात, त्यांच्या खाली आपले नाव घालावे लागते आणि वर्गापुढे त्यांची बाजू घ्यावी लागते. कुठलीच नोंद निर्दोष नसताना त्यांतल्या अधिक भरवशाच्या कोणत्या, आणि किती भरवशाच्या, हे ठरवणे म्हणजेच विश्वास ठेवायला शिकणे. नुसता संशय शिकवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, आणि आपल्याला गरज याचीच आहे.

ही गरज किती निकडीची आहे हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने दाखवले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवेवरून तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मजकुराचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती, पण चित्रफितीला आधी किंवा नंतर आणखी काही असू शकते असा प्रश्न पडण्याची सवय कंपनीच्या मर्यादेने लागत नाही. ज्या मुलाने शाळेत निदान एकदा एखाद्या चित्रफितीचा उगम शोधण्यात आठवडा घालवला आहे, त्याला तो प्रश्न पडण्याची शक्यता मला अधिक वाटते.

शेवटी जपणुकीविषयी, कारण शाळा इथेच सर्वांत ढिल्या पडतात. अमेरिकेतील ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये इजिप्तच्या उठावासारख्या घटनांच्या वेळी समाजमाध्यमांवर दिलेले दुवे तपासले, तेव्हा वर्षभरात सुमारे ११ टक्के साहित्य नाहीसे झालेले आढळले, आणि त्यानंतर दररोज ०.०२ टक्के जात राहिले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीत २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडली नाहीत. तेव्हा दुव्यांची यादी म्हणजे संग्रह नव्हे. ठेवलेल्या प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावा, पोस्टचा मजकूर टंकून ठेवावा, शक्य असेल तिथे पान ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावे, आणि सगळ्याची एक छापील प्रत, सोडलेल्यांच्या यादीसह, शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या तुकडीला पहिल्या तासिकेत तीच प्रत द्यावी. आठांतले किती दुवे अजून उघडतात ते त्यांनी आधी पाहावे, मग सोडलेल्या बावीस नोंदींची कारणे वाचावीत, आणि त्यांतली एखादी चुकून सोडली गेली असे वाटले तर ती परत आत आणून, जुन्या कारणाशेजारी आपले कारण लिहावे.